ओल्या पृष्ठभागावरचा उजेड : मत्स्यपदार्थांच्या छायाचित्रणासाठी प्रकाशयोजनेच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आणि स्पष्ट आहे. मासे, कोळंबी, खेकडे, कालवे, शिंपले आणि माकूळ यांच्यापासून केलेल्या पदार्थांची छायाचित्रे एका लहान खोलीत, मोजक्या साधनांनी काढायची आणि प्रत्येक प्रकारच्या पृष्ठभागासाठी पुन्हा मांडता येईल अशी प्रकाशयोजना कारणांसह लिहून ठेवायची. संचात कोणते पदार्थ घ्यायचे हे स्वयंपाकाची बाजू सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी ठरवले आहे. उजेडाची बाजू माझ्याकडे आहे.

पावासारखा कोरडा पदार्थ त्याच्यावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना जवळजवळ सारखा विखुरतो, त्यामुळे दिवा थोडा इकडेतिकडे सरकला तरी त्याचे रूप फारसे बदलत नाही. मत्स्यपदार्थांचे तसे नसते. त्यांचा पृष्ठभाग ओला किंवा तेलकट असतो, काही माशांची कातडी आरशासारखी चंदेरी असते, कच्चे मांस अर्धपारदर्शक असते आणि कवचांचा रंग अशा लाल छटांचा असतो की पुष्कळ दिवे तो नीट दाखवूच शकत नाहीत. शिवाय पदार्थ ताटात आल्यापासून काही मिनिटांतच कोरडा पडू लागतो. म्हणून चकाकी पुसून टाकण्याचा प्रयत्न या प्रकल्पात करायचा नाही, असे सुरुवातीलाच ठरवले आहे. पदार्थ ताजा आणि रसदार आहे हे पाहणाऱ्याला त्या चकाकीवरूनच कळते. तिचा आकार, तिची जागा आणि तिच्या कडा आपल्या हातात असाव्यात, एवढाच आग्रह आहे.

साधने अशी : १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, दोन फ्लॅश, एक एलईडी पॅनेल, थेट ऊन न येणारी एक मोठी खिडकी, ट्रेसिंग पेपर ताणून बसवलेल्या दोन चौकटी, पांढरे आणि काळे फोम बोर्ड, हाताच्या पंजाएवढे काही आरसे, गोलाकार पोलरायझर (लेन्सपुढे बसवून फिरवायचा, परावर्तित चमक कमी करणारा फिल्टर) आणि ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचे राखाडी कार्ड). दिशा लिहिताना ताटली हे घड्याळ मानले आहे : कॅमेरा नेहमी सहाच्या जागी, ताटलीच्या बरोबर मागे बारा.

९ जानेवारी

पदार्थ आणण्याआधी चकाकीची भूमिती तपासून घेतली. ताटलीच्या जागी एक सपाट आरसा ठेवला आणि कॅमेऱ्यातून त्याच्याकडे पाहिले. आरशात छताचा किंवा भिंतीचा जो भाग दिसतो, त्या भागात ठेवलेली प्रत्येक उजळ वस्तू पदार्थाच्या सपाट ओल्या भागावर चकाकी म्हणून उमटणार आणि त्या भागाबाहेरचा दिवा पदार्थ उजळवेल, पण चकाकी देणार नाही. पडणाऱ्या किरणाचा कोन आणि परतणाऱ्या किरणाचा कोन सारखाच असतो, या शाळेतल्या नियमावर पुढचे बहुतेक निर्णय उभे आहेत. कॅमेरा मेजापासून ३५ ते ४५ अंश वर असेल तेव्हा हा भाग ताटलीच्या मागे, बाराच्या दिशेला येतो; कॅमेरा थेट डोक्यावर असेल तेव्हा तो कॅमेऱ्याच्याच आसपास येतो. मासा सपाट नसल्यामुळे त्याच्या वळणांवर हा भाग दोन्ही बाजूंना पसरतो. म्हणूनच दहा किंवा दोनच्या जागी ठेवलेला दिवा माशाच्या पाठीवर एक लांबट उजळ रेघ देतो आणि ताटलीचा सपाट भाग मात्र शांत राहतो.

दुसरी तपासणी दिव्याच्या अंतराची होती. सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या पडद्याआड दिवा असलेली उजेड मऊ करणारी पेटी, दुप्पट दूर नेला की पदार्थावर पडणारा उजेड एक चतुर्थांश होतो, हे सर्वांना ठाऊक असते. चकाकीला मात्र हा हिशेब लागू नाही, कारण ती म्हणजे खुद्द दिव्याचे प्रतिबिंब असते; दिवा दूर गेला की प्रतिबिंब लहान होते, पण त्याचा प्रखरपणा तेवढाच राहतो. पदार्थ अंधारल्यामुळे आपण एक्स्पोझर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) वाढवतो आणि ती लहानशी चकाकी पांढरी फटक होऊन बसते. उलट, सॉफ्टबॉक्स चौकटीच्या अगदी कडेपर्यंत जवळ आणला की पदार्थ उजळतो, एक्स्पोझर कमी करावे लागते आणि चकाकी मोठी, मऊ व तपशील राखणारी होते. ओल्या पदार्थासाठी दिवा शक्य तितका जवळ आणावा, या सल्ल्यामागचे खरे कारण हे आहे. केवळ 'सावली मऊ होते' एवढे सांगून तो सल्ला अर्धाच कळतो.

१३ जानेवारी

पहिला पदार्थ : कातडीसह भाजलेला अख्खा मासा. कातडी कुरकुरीत, काही ठिकाणी करपलेली, वर तेलाचा पातळ थर आणि चिरा दिलेल्या जागी आतले पांढरे मांस. एका पदार्थात तीन प्रकारचे पृष्ठभाग असल्यामुळे सुरुवातीला हाच घेणे योग्य वाटले.

मुख्य दिवा दहाच्या जागी ठेवून त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपरची चौकट ताटलीपासून साधारण वीतभर अंतरावर उभी केली. या मांडणीत चौकट जागची हलवायची नाही. हलवायचा तो चौकटीमागचा दिवा. दिवा कागदापासून दूर असला की कागद सगळीकडे सारखा उजळतो आणि माशाच्या पाठीवरची चकाकी एकसारखी, सपाट आणि कडेला तुटक दिसते, जणू कातडीवर पांढरी पट्टी चिकटवली आहे. दिवा कागदाजवळ आणला की कागदाचा मधला भाग जास्त उजळतो, कडा हळूहळू मंद होत जातात आणि तीच चढउतार असलेली चकाकी कातडीवर उतरते. डोळ्याला गोलाई कळते ती या चढउतारामुळे. दिवा कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडे वळवला तेव्हा चकाकी पाठीच्या कण्याजवळ सर्वांत तेज आणि पोटाकडे विरत जाणारी झाली, आणि माशाचा आकार स्वच्छ उमटला. या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा दुसरा दिवा लावूनही पडत नाही, असे माझे मत झाले आहे.

पूरक प्रकाशासाठी चारच्या जागी पांढरा फोम बोर्ड ठेवून पाहिला. त्याने सावली उघडली, पण करपलेल्या भागांचा काळेपणाही धुऊन निघाला आणि मासा उकडल्यासारखा दिसू लागला. मग बोर्ड काढून त्या जागी काळा बोर्ड ठेवला. काळ्या बोर्डामुळे खोलीतला भटका उजेड अडतो, माशाची जवळची कड गडद होते आणि कुरकुरीत कातडीचे उंचवटे ठसठशीत दिसतात. भाजलेल्या आणि तळलेल्या पृष्ठभागांना पूरक प्रकाशापेक्षा अशा वजाबाकीची गरज अधिक असते. चिरांमधले पांढरे मांस मात्र या मांडणीत अंधारात राहत होते. तिथे आठच्या जागी एक लहान आरसा तिरका ठेवून मुख्य दिव्याचाच थोडा उजेड नेमका त्या चिरांत पाठवला. आरशाचा उजेड कडक असतो, म्हणून त्यावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा चिकटवावा.

१४ जानेवारी

चंदेरी कातडीच्या माशांबद्दल स्वतंत्र नोंद आवश्यक आहे. माशांच्या चंदेरीपणाचे कारण कातडीतील ग्वानिनचे पातळ स्फटिक होय. स्फटिक आणि पेशीद्रव यांचे एकावर एक थर मिळून आरशासारखे परावर्तन घडवतात. पाणी किंवा काच यांच्यावरून तिरपा परतणारा उजेड ध्रुवीभूत होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात, आणि म्हणून पोलरायझरने तो अडवता येतो. परंतु तारली आणि हेरिंग यांसारख्या माशांच्या कातडीत दोन प्रकारच्या ग्वानिन स्फटिकांची मांडणी अशी असते की परतणारा उजेड ध्रुवीभूत होतच नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिले. छायाचित्रकारासाठी याचा अर्थ सरळ आहे : अशा माशावर पोलरायझर फिरवला तर वरच्या ओलाव्याची चमक कमी होईल, पण खालचे चंदेरी परावर्तन तसेच राहील. ते आटोक्यात ठेवायचे असेल तर आरशासमोर ठेवायची वस्तूच निवडून ठेवावी लागते. माशाच्या संपूर्ण लांबीला पुरेल एवढा मोठा पांढरा कागद आणि त्यावर मधोमध एक अरुंद काळी पट्टी, ही मांडणी सर्वांत चांगली ठरली. पांढऱ्यामुळे चांदी उजळते आणि काळ्या पट्टीमुळे तिला खोली मिळते. सगळेच पांढरे ठेवले तर कातडी राखाडी कागदासारखी निर्जीव दिसते.

१८ जानेवारी

आज रस्सा, सॉस आणि वितळलेले लोणी या द्रवरूप पृष्ठभागांवर पोलरायझरचा उपयोग तपासला.

पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड पूर्ण ध्रुवीभूत होतो तो लंबापासून सुमारे ५३ अंशांवर आणि तेलाच्या बाबतीत सुमारे ५६ अंशांवर. मेजापासून मोजले तर हे कोन अनुक्रमे ३७ आणि ३४ अंश होतात, म्हणजे कॅमेरा ताटलीकडे जेवणाऱ्याच्या नजरेने पाहत असतो तेव्हाचीच ही उंची आहे. या उंचीवर पोलरायझर फिरवताना रश्शावरच्या तवंगाची चमक स्पष्टपणे कमीजास्त होताना दिसते. कॅमेरा थेट वरून पाहत असेल तर त्याच पोलरायझरचा सपाट द्रवावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, आणि तेथे दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे) उजेड मात्र वाया जातो. वरून घेतलेल्या चित्रांसाठी तो काढूनच ठेवावा.

पूर्ण फिरवलेला पोलरायझर मत्स्यपदार्थांना मारक आहे. रश्शातले कोळंबीचे तुकडे, कढीपत्ता, मिरची सगळे स्वच्छ दिसते, पण द्रव द्रव राहत नाही. रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसू लागतो. दिव्यावरही ध्रुवीकरणाची फिल्म लावून आणि लेन्सवरचा पोलरायझर तिच्याशी काटकोनात ठेवून वरवरची सगळी चमक घालवता येते. ही पद्धत जुन्या चित्रांच्या प्रती काढायला उत्तम, मात्र अन्नासाठी अंतिम चित्र म्हणून नको. चमक सर्वांत कमी होणारी स्थिती शोधावी आणि तिथून पोलरायझर थोडा मागे फिरवावा, जेणेकरून तवंगाच्या कडेला एक बारीक उजळ रेघ परत येईल.

वरून घेतलेल्या वाडग्याच्या चित्रात खुद्द कॅमेऱ्याचे प्रतिबिंब रश्शात उमटते. लेन्सपुरते भोक पाडलेला काळा बोर्ड कॅमेऱ्यासमोर बसवला की द्रवाचा मधला भाग गडद आणि पारदर्शक होतो. त्या बोर्डाच्या एका कडेबाहेर पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी ठेवली, तर तिची चंद्रकोरीसारखी चकाकी वाडग्याच्या काठालगत येते, आणि द्रव किती भरलेला आहे हे तिच्यामुळे कळते.

२२ जानेवारी

कोळंबी आणि खेकडा : रंगाचा दिवस.

कच्च्या कोळंबीचा किंवा खेकड्याचा करडा, निळसर किंवा हिरवट रंग आणि शिजल्यावर येणारा केशरी-लाल रंग यांमागे एकच रंगद्रव्य आहे, अस्टॅक्झॅन्थिन. जिवंत कवचात ते प्रथिनाला बांधलेले असते आणि त्यामुळे त्याचा रंग निळ्याकडे झुकतो. उष्णतेने प्रथिन विस्कटते, रंगद्रव्य मोकळे होते आणि मूळ लाली दिसू लागते. सामन माशाच्या मांसाचा केशरी रंगही याच द्रव्याचा असतो. हे द्रव्य निळा-हिरवा उजेड शोषते आणि तांबडा परत पाठवते. म्हणून दिव्याच्या उजेडात खोल तांबडा भागच कमी असेल तर कोळंबी कितीही ताजी असली तरी तिचा रंग तपकिरी-पिवळसर उमटतो आणि नंतर संगणकावर तो भरून काढताना मसाल्याचा पिवळा रंगही बिघडतो.

एलईडी पॅनेल विकत घेताना वेष्टनावरचा सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो याचा आकडा, पाहिला जातो. हा आकडा पहिल्या आठ रंगनमुन्यांच्या सरासरीवर काढतात आणि ते आठही नमुने सौम्य रंगांचे असतात. गडद लाल रंगाचा नमुना आर-९ या नावाने वेगळा मोजला जातो व सरासरीत धरला जात नाही. परिणामी सीआरआय चांगला असूनही आर-९ कमकुवत असलेले दिवे बाजारात असतात. शिजवलेल्या कवचधारी प्राण्यांसाठी आणि सामनसाठी आर-९ चा आकडा आधी पाहावा, असे या नोंदींत ठळकपणे लिहून ठेवत आहे. आजच्या तुलनेत तीच ताटली खिडकीच्या उजेडात, फ्लॅशमध्ये आणि एलईडीमध्ये, प्रत्येक वेळी ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगछटेनुसार कॅमेऱ्याची जुळवणी) घेऊन टिपली. खिडकी आणि फ्लॅश यांतील लाली जवळजवळ सारखी आली. एलईडीतील लाली व्हाइट बॅलन्स बरोबर असूनही मातकट होती. व्हाइट बॅलन्स राखाडी रंग सरळ करतो. दिव्यात मुळातच नसलेला रंग तो आणू शकत नाही.

मिश्र उजेडाबद्दल एक सक्तीचा नियम ठरवला आहे. घरगुती पिवळा दिवा सुमारे २७०० केल्विनचा आणि फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा असतो. दोन्ही एकत्र पेटलेले असतील तर कोळंबीची उजळलेली बाजू गुलाबी आणि सावलीची बाजू नारिंगी होते, आणि एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही सुधारता येत नाहीत. चित्र घेताना खोलीतले बाकी सगळे दिवे बंदच असावेत. उजेडाच्या वाटेतल्या भिंती आणि कपडेही रंग टाकतात. ताटलीजवळ ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुडीचा हिरवी छटा कोळंबीच्या पोटावर उतरलेली मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसली, म्हणून सजावटीचा हिरवा भाग नेहमी दिव्याच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा.

खेकड्याच्या कवचावर बारीक खड्डे आणि उंचवटे असतात. ते दिसायचे तर दिवा मेजालगत खाली, नऊच्या जागी, कवचाला घासून जाईल असा हवा. नांगीवर मात्र त्याच दिव्याची तीव्र ठिणगी येते; नांगी आणि दिवा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरची बोटभर रुंद पट्टी तारेला बांधून उभी केली, की कवचाचा खरखरीतपणा तसाच राहून नांगीपुरता उजेड मऊ होतो.

२३ जानेवारी

छोटी तांत्रिक नोंद. एलईडी पॅनेल मंद करून वापरले असता काही चित्रांत आडवे पट्टे दिसले. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. ६० हर्ट्झ असेल तेथे १/६० किंवा १/१२०. पट्टे तरीही राहिले तर दिवा पूर्ण तेजावर ठेवून उजेड कागदाने कमी करणे हाच उपाय.

२७ जानेवारी

कालवे आणि शिंपले यांच्यात आतला पृष्ठभाग महत्त्वाचा असतो. खाण्याच्या कालवांच्या शिंपेचा आतला थर प्रामुख्याने कॅल्साइटचा, दुधी आणि मंद असतो. मसल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या शिंपल्यांच्या आत मात्र खरा मोत्याचा थर असतो आणि त्याच्या अतिपातळ ॲरागोनाइट पापुद्र्यांवर उजेडाच्या लहरी एकमेकींत मिसळून निळसर-गुलाबी झाक येते. ही झाक कोनावर अवलंबून असते. त्यामुळे मसलसाठी आधी दिवा पक्का करून मग प्रत्येक शिंपला चिमट्याने थोडाथोडा फिरवत, झाक कॅमेऱ्याकडे येईल असा बसवावा लागतो. वेळखाऊ काम आहे, परंतु त्याला पर्याय नाही.

उघडलेल्या कालवात शिंपेतले पाणी, ओलसर मांस आणि त्याची काळसर झालर हे तिन्ही दिसायला हवे. मोठा मऊ दिवा बाराच्या जागी, मेजापासून वर उचललेला, असा ठेवला असता पाण्यावर एक रुंद चकाकी येते आणि मांस तिच्याखाली हरवते. तोच दिवा अकराच्या जागी सरकवून त्याच्यापुढे काळा बोर्ड अर्धा आडवा धरला, तेव्हा चकाकी अर्ध्या कालवापुरती मर्यादित राहिली. खालचा बर्फही उजेडाचा भाग आहे, हे विसरता कामा नये : कुटलेला बर्फ चहूकडे उजेड विखुरतो आणि पूरक प्रकाशाची गरजच राहत नाही. फक्त मागून आलेला उजेड बर्फातून जाताना थंड, निळसर दिसावा असे वाटत असेल, तर बर्फाखाली गडद ताट ठेवावे. पांढऱ्या ताटावर बर्फाच्या कडा नाहीशा होतात.

३१ जानेवारी

कच्च्या माशाचे पातळ काप आणि माकूळ यांच्या मांसात उजेड आत शिरतो, थोडा फिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. समोरून दिवा लावला तर हे आतले फिरणे दिसतच नाही आणि काप रबरासारखे दिसतात. दिवा मागे, किंचित खाली ठेवला की कापाची कड आतून उजळते आणि मांसाचे थर वाचता येतात. शिजवल्यावर प्रथिने गोठतात, मांस अपारदर्शक होते आणि हा परिणाम बराचसा संपतो. म्हणून कच्च्या व शिजवलेल्या माकुळाला एकच मांडणी चालत नाही. कापांच्या मागे, चौकटीत दिसणार नाही असा लहान आरसा मेजावर तिरका ठेवून मागच्या दिव्याचा उजेड थेट कापांच्या बुडात पाठवला, आणि काप तीन-चार मिलिमीटर जाड असूनही त्यांच्या आरपार उजेड आला.

या संदर्भात शार्दां या फ्रेंच चित्रकाराच्या, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या चित्राचा अभ्यास उपयोगी पडला. भिंतीवर आकड्याला टांगलेला, पोट फाडलेला पाकट मासा त्यात आहे, आणि १७२८ मध्ये फ्रान्सच्या शाही कला अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले ते या चित्रासह दोन चित्रांच्या आधारे. त्यातला ओलेपणा मोठ्या पांढऱ्या डागांनी दाखवलेला नाही. गडद, साध्या भिंतीपुढे मांसाचे गुलाबी-मोतिया रंग ठेवले आहेत आणि तेज अगदी थोड्या जागी राखले आहे. आमच्या कापांमागची हलकी पार्श्वभूमी बदलून करडा दगडी रंग घेण्याचा निर्णय त्या निरीक्षणातून झाला.

ट्यूनाचे लाल काप मात्र सर्व मांडणी झाल्यावरच आणावेत. त्यातील मायोग्लोबिन हे लाल रंग देणारे प्रथिन हवेतील ऑक्सिजनमुळे तपकिरी होत जाते आणि तो बदल प्रकाशयोजनेने झाकता येत नाही.

४ फेब्रुवारी

वाफ. वाफेचे दिसणारे लोट म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. असे थेंब उजेड मुख्यतः पुढच्याच दिशेला विखुरतात. त्यामुळे समोरच्या दिव्यात वाफ जवळजवळ दिसत नाही, तर मागच्या दिव्यात ती उठून दिसते. फ्लॅश एकच्या जागी, वाडग्याच्या काठापेक्षा थोडा वर आणि लेन्सकडे थेट येणारा उजेड काळ्या बोर्डाने अडवलेला, अशी मांडणी ठेवली. पार्श्वभूमी गडद आणि वाडग्यापासून दूर असली पाहिजे, कारण मागच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडला तर वाफ तिच्यात विरून जाते.

फ्लॅशने वाफ गोठते आणि तिचे धागे कडक, तंतुमय दिसतात. अखंड उजेडात १/१५ सेकंदाच्या आसपास शटर ठेवले की लोट मऊ होतात. गरम रश्श्यासाठी मला दुसरे रूप अधिक खरे वाटते, कारण डोळाही वाफ तशीच पाहतो. याउलट लिंबू पिळतानाचे थेंब टिपायचे असतील तर फ्लॅशच हवा आणि तोही कमी शक्तीवर. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशमध्ये शक्ती कमी केली की झोताचा कालावधीही कमी होतो आणि थेंब स्वच्छ गोठतो.

खोली थंड ठेवल्यास वाफ अधिक वेळ दिसते. पंखा बंद.

८ फेब्रुवारी

पांढऱ्या ताटलीत वाफवलेला पांढरा मासा. कॅमेऱ्याचा मीटर दृश्य मध्यम राखाडी समजून मोजतो, त्यामुळे असे दृश्य तो अंधारे करून देतो. एक ते दोन स्टॉप वाढवून, हिस्टोग्रामचा (चित्रातल्या उजळ-गडद भागांच्या आलेखाचा) उजवा काठ तुटणार नाही इथे थांबलो. पांढऱ्यावर पांढरे वेगळे दिसण्यासाठी उजेड वाढवून उपयोग नाही, कडा गडद कराव्या लागतात. ताटलीच्या दोन्ही बाजूंना उभे काळे बोर्ड ठेवून, मऊ दिवा मागून आणला. माशाच्या पाकळ्या सुटतात त्या जागी सावलीची बारीक रेघ आली आणि मांस शिजले आहे, कोरडे झालेले नाही, हे कळू लागले. चकचकीत ताटली बदलून मंद झिलईची घेतली, तेव्हा माशावरची चकाकी ही चित्रातली एकमेव चकाकी उरली. या संचातले सर्वांत साधे दिसणारे आणि मला सर्वांत आवडलेले चित्र हेच.

१२ फेब्रुवारी

कामाचा क्रम निश्चित केला. ज्या आकाराचा, रंगाचा पदार्थ असेल तसाच दुसरा, कमी देखणा नमुना आधी ताटलीत ठेवून दिवे, बोर्ड, फोकस आणि एक्स्पोझर पूर्ण करायचे. मग मुख्य पदार्थ आणून नमुना बाजूला काढायचा. गरम तापणारे दिवे टाळायचे, कारण त्यांच्या उष्णतेने कापांच्या कडा वळतात आणि सॉसवर साय धरते. पृष्ठभाग कोरडा पडू लागला की त्याच पदार्थातले तेल किंवा रस्सा मऊ कुंचल्याने, फक्त जिथे चकाकी हवी तिथेच लावायचा. सगळीकडे तेल लावले की चकाकीची जागा निवडण्याचे आधीचे सगळे श्रम फुकट जातात. ग्लिसरीन-पाण्याचे थेंब जास्त वेळ टिकतात हे खरे, पण तसा पदार्थ खाता येत नाही, आणि आमच्या संचात प्रत्येक पदार्थ चित्रानंतर खाल्ला जावा असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे, ते मला मान्य आहे. म्हणून सामान्य तापमानात पदार्थ दोन तासांच्या पुढे राहू द्यायचा नाही. कच्चे काप आणि कालवे तर बर्फावरून उचलून थेट चौकटीत आणायचे.

१६ फेब्रुवारी

शेवटच्या तुलनेत भाजलेला मासा, कोळंबी आणि कालवे हे तीन पदार्थ खिडकीच्या उजेडात पुन्हा घेतले. खिडकीचा उजेड मोठा आणि मऊ असतो, रंग पूर्ण देतो, पण ढग सरकला की त्याचे तेज आणि रंग दोन्ही बदलतात, त्यामुळे संचातली चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. एकट्यादुकट्या चित्रासाठी खिडकी, संचासाठी कागदाआडचा फ्लॅश, असे ठरवले. खिडकीच्या उजेडाचा ढंग फ्लॅशमध्ये आणण्यासाठी ट्रेसिंग पेपरच्या चौकटीवर काळ्या टेपच्या दोन उभ्या आणि एक आडवी पट्टी लावली. कालवांच्या पाण्यात तिचे प्रतिबिंब खिडकीच्या तावदानांसारखे उमटले आणि चकाकीला ओळखता येईल असा आकार मिळाला. भाजलेल्या माशाच्या खरखरीत कातडीवर त्या पट्ट्या दिसल्याच नाहीत, म्हणून तिथे त्यांची गरज नाही. कोळंबीच्या गोल पाठींवर त्या इतक्या बारीक होतात की केसासारख्या वाटतात. तेथे पट्ट्या काढून चौकट पूर्ण मोकळी ठेवायची.